सार्जंटने गिरवलेला कित्ता

‘कॉपी’ हा शब्द महाविद्यालयाच्या आवारात उच्चारला की लोक आधी इकडेतिकडे पाहतात. परीक्षेच्या दिवसांत पर्यवेक्षक जिच्या मागावर असतात तीच ही गोष्ट, असा त्या शब्दाचा आपल्याकडे लौकिक. चित्रकलेच्या वर्गातही त्याला फारशी प्रतिष्ठा नाही. एखाद्याने जुन्या चित्रावरून चित्र केले, तर ते कितीही मन लावून केलेले असो, ‘नक्कल आहे’ एवढ्या दोन शब्दांत त्याची वासलात लागते. स्वतःचे काहीतरी कर, असा उपदेश वर मिळतो. स्वतःचे म्हणजे नेमके काय आणि ते आणायचे कुठून, हे मात्र कोणी सांगत नाही.

वास्तविक आपल्या भाषेत यासाठी एक चांगला, घरंदाज शब्द आहे : कित्ता. वळणदार अक्षर हवे तर कित्ता गिरवायचा, यात कोणाला कमीपणा वाटत नसे. शिष्य गुरूच्या मागोमाग तीच तान, तोच पलटा घेतो तेव्हा त्याला कोणी चोर म्हणत नाही. मग तैलरंगात माणसाचा चेहरा रंगवायला शिकणाऱ्यानेच काय पाप केले आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला एका चित्रकाराचे चरित्र फार उपयोगी पडले. ऐन उमेदीत, नाव होऊ लागलेले असताना, दुसऱ्याच्या चित्रांपुढे ईझल मांडून बसलेला हा माणूस म्हणजे जॉन सिंगर सार्जंट. पोर्ट्रेट करणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना त्याचे नाव ठाऊक असते आणि त्याच्या ब्रशच्या फटकाऱ्यांचे वेडही असते. ते फटकारे आले कुठून, याची चौकशी मात्र थोडेच करतात.

सार्जंट अमेरिकन खरा, पण त्याचा जन्म अमेरिकेतला नव्हे. १२ जानेवारी १८५६ रोजी तो इटलीतील फ्लोरेन्स शहरी जन्मला. वडील फिलाडेल्फियात डोळ्यांचे शस्त्रवैद्य होते. पहिले मूल दगावले, आईची प्रकृती ढासळली आणि हवापालटासाठी म्हणून ही जोडी १८५४ मध्ये युरोपात आली. तो हवापालट जन्मभर संपला नाही. हिवाळा इटलीत, उन्हाळा आल्प्सच्या परिसरात, असे हे पाठीवर बिऱ्हाड घेतलेले कुटुंब. शाळा म्हणावी अशी मुलाला मिळालीच नाही. इटालियन, फ्रेंच, जर्मन या भाषा त्याने कानांनी शिकल्या, पियानो उत्तम वाजवू लागला, आणि हातात स्केचबुक दिले ते आईने. ती स्वतः जलरंगात चित्रे काढी. दिवसाकाठी कितीही चित्रांना हात घाल, पण त्यांतले एक तरी पुरे झालेच पाहिजे, असा तिचा दंडक असल्याचे सांगतात. आपला देश त्याने पहिल्यांदा पाहिला तो विसाव्या वर्षी, १८७६ मध्ये.

त्याआधी दोन वर्षे, १८७४ मध्ये, तो पॅरिसला कारोल्यू-द्यूराँ याच्या चित्रशाळेत दाखल झाला होता. हा त्या काळचा चलतीतला व्यक्तिचित्रकार. कलाशिक्षणाची तेव्हाची रूढ शिस्त अशी की, आधी प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून कोळशाने रेखाटन, मग जिवंत मॉडेलचे रेखाटन, आणि रंगाला हात सर्वांत शेवटी. इंग्लंडमार्गे आपल्याकडे आलेली शिस्तही याच घराण्यातली. कारोल्यू-द्यूराँचा खाक्या उलटा होता. कोळशाने जागा खुणावून घेतली की लगेच रंगाने भरलेला ब्रश हातात. चेहऱ्यात रेषा नसतातच, असे त्याचे म्हणणे. प्रकाशाकडे कमीअधिक वळलेले पृष्ठभाग तेवढे असतात : कपाळाचा एक, गालफडाचा एक, नाकाच्या कडेचा एक, हनुवटीखालचा एक. प्रत्येकाची छटा ओळखायची, ती पॅलेटवर तयार करायची, आणि फरशी बसवावी तशी एकीला लागून दुसरी ठेवायची. मधल्या छटांपासून सुरुवात. गडद काळोख आणि झळाळी मागाहून. घोटत बसायचे नाही. हे सारे तो स्वतः शिकला होता स्पेनमध्ये, वेलास्केझच्या चित्रांपुढे. त्यामुळे त्याच्या वर्गात वेलास्केझच्या नावाचा अक्षरशः जप चाले.

सार्जंट वर्गात बघता बघता सर्वांच्या पुढे गेला. १८७९ च्या पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात त्याने आपल्या गुरूचेच व्यक्तिचित्र मांडले आणि त्याला सन्माननीय उल्लेख मिळाला. वय २३. गुरूचे चित्र, गुरूच्याच पद्धतीने, आणि इतके सफाईदार की बघणाऱ्याने शिष्यालाच गुरू समजावे. सामान्य माणूस इथे थांबतो, पाटी लावतो, गिऱ्हाईक शोधतो. सार्जंटने त्याच वर्षी सामान बांधले आणि दोन फ्रेंच चित्रकार मित्रांबरोबर तो माद्रिदला निघाला, गुरूच्या गुरूकडे. ऑक्टोबर १८७९ मध्ये प्रादो संग्रहालयाच्या नकलाकारांच्या वहीत त्याचे नाव नोंदले गेले. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला हा सर्वांत शहाणपणाचा प्रवास.

महिनाभरात त्याने वेलास्केझच्या अनेक चित्रांच्या प्रती केल्या. इसापाचे नुसते डोके, कुत्र्याजवळ उभा असलेला दरबारचा खुजा, बाल राजपुत्र बाल्तासार कार्लोस, सूत कातणाऱ्या बायका. आणि अर्थातच ‘लास मेनिनास’. या चित्राविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यातून निघाले आहे.

वेलास्केझने ते १६५६ मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षाच्या आसपास रंगवले. कॅनव्हास ३१८ सेंटिमीटर उंच आणि २७६ सेंटिमीटर रुंद. राजवाड्यातली एक खोली. मध्ये पाच वर्षांची राजकन्या मार्गारिता, दोन्ही बाजूंना तिच्या सख्या, उजवीकडे खुजी मारिबार्बोला आणि कुत्र्याला पायाने डिवचणारा एक लहानखुरा. डावीकडे पाठमोऱ्या भल्यामोठ्या कॅनव्हासपुढे खुद्द वेलास्केझ उभा. मागच्या भिंतीवर आरसा, आरशात राजाराणी. शेजारी उघड्या दारात पायऱ्यांवर थबकलेला एक माणूस, आणि त्याच्यामागे उजेड. हे झाले माणसांचे. पण चित्रासमोर उभे राहून मोजले तर जवळजवळ वरच्या अर्ध्या चित्रात कोणीही नाही. छत, काळपट भिंती, अंधुक तसबिरी आणि हवा. एवढा मोठा रिकामा अंधार एवढ्याशा मुलीच्या डोक्यावर ठेवण्याची छाती वेलास्केझला झाली, आणि तो अंधार आहे म्हणून ती मुलगी उजळते. तिच्या पोषाखाजवळ गेले तर नुसते करड्या-पांढऱ्या रंगाचे ओरखडे. चार पावले मागे सरले की रुपेरी कापड.

सार्जंटची प्रत मूळ चित्राहून कितीतरी लहान आहे. दागिन्यांचे मणी त्यात मोजता येत नाहीत. ज्याला आपण ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ म्हणतो, तसली ही नक्कल नव्हे. त्याने टिपले आहेत ते संबंध : अमुक भिंतीपेक्षा तमुक गाल किती उजळ, त्या गालापेक्षा दारातला उजेड किती प्रखर, आणि जमिनीवरचा प्रकाश मागे जाता जाता कुठे विझतो.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगतो. समोर जिवंत मॉडेल बसवून पोर्ट्रेट करताना विद्यार्थ्याला तीन कामे एकाच वेळी करावी लागतात. बघायचे, बघितलेल्यातून काय घ्यायचे ते ठरवायचे, आणि ठरवलेले रंगाने उतरवायचे. त्यात मॉडेल हलते, कंटाळते. खिडकीतला उजेड तासाभरात फिरतो. तिन्ही कामांत थोडे थोडे चुकते आणि नेमके कुठे चुकले ते कळत नाही. श्रेष्ठ चित्राची प्रत करताना पहिली दोन कामे दुसऱ्या कोणीतरी आधीच केलेली असतात, आणि ज्याने केली तो आपल्याहून शंभरपट जाणता असतो. आपली छटा चुकली तर ती लगेच दिसते, कारण बरोबर उत्तर शेजारच्या भिंतीवर टांगलेले आहे. हळूहळू मग मनात उलटा प्रवास सुरू होतो. इथे त्याने एवढाच ब्रश का लावला? कान असा पुसट का सोडला? या प्रश्नांशी आले की माणूस प्रत करता करता विचार करू लागतो.

छापील प्रतीवरून हे साधत नाही, निदान पुरते साधत नाही. मी ग्रंथालयातल्या एका पुस्तकातल्या पानावरून राजकन्येचे डोके तैलरंगात करून पाहिले आहे. छटांचा अंदाज येतो. पण रंग कुठे पातळ लावून कॅनव्हासची वीण दिसू दिली आहे आणि कुठे लोण्यासारखा जाड ठेवला आहे, हे गुळगुळीत कागद सांगत नाही. चित्राचे माप तर हरवतेच. दहा फुटांवरून बघायची वस्तू आपण वीतभर अंतरावरून बघत असतो. सार्जंटला माद्रिदला जावे लागले ते यासाठी. आपल्याला प्रादो परवडण्याजोगे नाही, हे खरे. पण मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेली युरोपीय तैलचित्रे आहेत. त्यांच्यापुढे तासभर उभे राहायला तिकिटापलीकडे खर्च नाही. किती विद्यार्थी जातात, हे विचारू नये.

आणि कित्त्याची परंपरा आपल्याकडे नव्हती असेही नाही. सार्जंट प्रादोत बसला होता त्याच दशकात, १८७२ पासून पुढे, मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी ग्रिफिथ्ससाहेबांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या लेण्यांत भित्तिचित्रांच्या प्रती करत होते. मध्ये खंड पडत हे काम १८८५ पर्यंत चालले. लंडनला पाठवलेल्या त्या प्रतींपैकी पुष्कळशा १८८५ च्या आगीत जळाल्या, हे आपले दुर्दैव. पण जे शिकायचे ते करणाऱ्यांच्या हातांत उतरलेले होते. त्या चमूतले पेस्तनजी बोमनजी पुढे तैलरंगातील व्यक्तिचित्रांसाठी नावाजले गेले.

स्पेनहून सार्जंट मोरोक्कोला गेला, आणि १८८० च्या उन्हाळ्यात हॉलंडमधील हार्लेम गावी. तिथे फ्रान्स हाल्स. वेलास्केझ गंभीर, तर हाल्सच्या हाताला हसू फुटलेले. त्याचे ब्रशचे फटकारे उघड दिसतात, तलवारीच्या हातांसारखे. हाल्सने म्हातारपणी, ऐंशीच्या घरात असताना, वृद्धाश्रमाच्या कारभारणींचे एक समूहचित्र केले होते. त्यातल्या आकृतीचीही प्रत सार्जंटने केली. पुढे कीर्तीच्या शिखरावर असताना एक होतकरू चित्रकर्ती त्याच्याकडे सल्ला मागायला आली, तेव्हा त्याने तिला हार्लेमलाच पिटाळले : आधी हाल्सची प्रत करून ये.

आता या कित्त्याचे फळ पाहू. १८८२ मध्ये एडवर्ड डार्ली बॉइट या पॅरिसमध्ये राहणाऱ्या अमेरिकन गृहस्थाच्या चार मुलींचे चित्र सार्जंटने रंगवले. वये साधारण चार, आठ, बारा आणि चौदा. श्रीमंताघरच्या मुलींचे समूहचित्र म्हटले की फुलांच्या गुच्छासारख्या एकत्र बसवलेल्या, हसऱ्या मुली डोळ्यांपुढे येतात. सार्जंटने काय केले? २२२ सेंटिमीटरचा जवळजवळ चौरस कॅनव्हास घेतला. धाकटी गालिच्यावर बाहुली घेऊन बसली आहे. दुसरी डावीकडे एकटी, हात मागे बांधून. थोरल्या दोघी मागे, काळोख्या खोलीच्या तोंडाशी, आणि सर्वांत मोठी तर पुरुषभर उंचीच्या जपानी फुलदाणीला टेकून तोंड फिरवून उभी. तिचा चेहरा जेमतेम दिसतो. ज्या चित्रासाठी मुलींच्या बापाने चेहरे पुढे केले त्यात एक चेहरा सरळ अंधारात! चित्राच्या मध्यभागी कोणी नाही. काळोख आहे, आणि त्या काळोखाच्या तळाशी कुठेतरी आरशाची चमक.

प्रदर्शनात काही टीकाकार बुचकळ्यात पडले. चार कोपरे आणि मध्ये पोकळी, अशी एकाने त्याची थट्टा केली. थट्टा करणाऱ्याने जागा मात्र अचूक ओळखली होती. माद्रिदमध्ये महिनाभर ज्या रिकाम्या अंधाराची मापे सार्जंटने घेतली, तो अंधार इथे पॅरिसच्या दिवाणखान्यात आला आहे. धाकटीचा पांढरा झगा, त्याच्यावरचा करडा, मागे जाताना विझणारा उजेड, मुलींमधले अंतर. सगळे तिथलेच, आणि तरीही या चित्राला नक्कल म्हणण्याची कोणाची हिंमत होणार नाही. चित्रातली एकही आकृती वेलास्केझची नाही. बालपण आणि जाणतेपण यांच्या मधल्या खोलीत मुली एकेक करून कशा आत जातात, हे वेलास्केझच्या चित्रात कुठे आहे? मला तरी हे सार्जंटचे सर्वश्रेष्ठ चित्र वाटते, आणि ते त्याने २६ व्या वर्षी केले.

पुढची हकीकत प्रसिद्ध आहे, म्हणून झरझर सांगतो. १८८४ च्या प्रदर्शनात त्याने मादाम गोत्रो या पॅरिसच्या रूपगर्वितेचे चित्र मांडले. काळा झगा, पांढरीफटक त्वचा, आणि खांद्यावरून घसरलेला झग्याचा एक पट्टा. त्या पट्ट्याने हाहाकार उडवला. नंतर त्याने तो रंगवून पुन्हा खांद्यावर चढवला, पण व्हायची ती बेअब्रू झाली आणि लवकरच त्याने लंडनला मुक्काम हलवला. तिथे दहाएक वर्षांत तो इंग्लंड-अमेरिकेतला सर्वांत मागणी असलेला व्यक्तिचित्रकार झाला. काम करण्याची त्याची तऱ्हा बघण्यासारखी होती. ईझल बसलेल्या व्यक्तीच्या अगदी शेजारी ठेवायचा, स्वतः खोलीच्या दुसऱ्या टोकाला जायचे, तिथून दोघांकडे एकाच नजरेत बघायचे, मग ताडताड चालत येऊन एक फटकारा मारायचा आणि पुन्हा मागे. डोके मनासारखे उतरले नाही तर डागडुजी करत नसे. सगळे खरवडून काढायचे आणि नव्याने सुरुवात. ज्या फटकाऱ्यांना लोक सहज, उत्स्फूर्त म्हणत, त्यांच्याखाली अशी खरवडलेली कितीतरी डोकी पुरलेली आहेत.

पण खोटे कशाला बोला, त्याची पुढची पुष्कळ चित्रे मला थंड वाटतात. सॅटिन चमकते, मोती लकाकतात, चेहरा बोलका असतो, आणि दोन मिनिटांत आपण पुढच्या चित्राकडे वळतो. त्याच्या मृत्यूनंतर रॉजर फ्राय या इंग्रज समीक्षकाने त्याच्यावर कडक टीका केली. ती मला सरसकट मान्य नाही, पण निराधारही वाटत नाही. मी याचे कारण असे लावतो : वेलास्केझ १६२३ मध्ये फिलिप राजाचा दरबारी चित्रकार झाला आणि १६६० मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. ३७ वर्षे तो एकाच राजाचा तोच चेहरा, तीच माणसे, तेच खुजे, तीच कुत्री बघत होता. राजाचे गाल कसे ओघळत गेले हे त्याने वर्षागणिक रंगवले आहे. सार्जंटच्या वाट्याला यायची अनोळखी माणसे, काही बैठका, आणि दाराबाहेर पुढचे गिऱ्हाईक. कित्त्याने त्याला डोळा दिला, हात दिला, अंधार वापरण्याची छाती दिली. ती ३७ वर्षे कुठल्या कित्त्यातून मिळणार? बॉइट कुटुंबाशी त्याची मैत्री होती, हे इथे लक्षात घ्यावे.

ही गोष्ट त्यालाही टोचत असावी. १९०७ मध्ये, मागणी ओसंडून वाहत असताना, त्याने पोर्ट्रेटची कामे घेणे बंद केले. नंतर फारच गळ पडली तर कोळशाने तासा-दोन तासांत चेहरा रेखाटून देई. क्वचित अपवाद केले; बंगालच्या फाळणीमुळे आपल्या आजोबा-पणजोबांच्या शिव्या खाल्लेल्या लॉर्ड कर्झनचे १९१४ मधले चित्र त्यांपैकी एक. बाकी वेळ तो जलरंग घेऊन व्हेनिसच्या कालव्यांत नाही तर आल्प्सच्या ओढ्यांकाठी असे, आणि बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाची भित्तिचित्रे वर्षानुवर्षे पुरी करत असे. १९१८ मध्ये, वयाच्या ६२ व्या वर्षी, तो युद्धआघाडीवर गेला. विषारी वायूने आंधळे झालेले सैनिक डोळ्यांना पट्ट्या बांधून, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून रांगेने चाललेले त्याने पाहिले. १९१९ मध्ये पुरे झालेले ते चित्र सहा मीटरांहून लांब आहे. सॅटिनचा चित्रकार म्हणून त्याला मोडीत काढण्यापूर्वी ते एकदा पाहावे.

सार्जंटने लग्न केले नाही. १५ एप्रिल १९२५ रोजी पहाटे लंडनच्या घरी, व्हॉल्तेअरचे पुस्तक वाचता वाचता झोप लागली असताना तो गेला. वय ६९. त्या जुलैमध्ये त्याच्या चित्रशाळेतील चित्रांचा लिलाव झाला. त्या ढिगात माद्रिद आणि हार्लेमच्या प्रती निघाल्या. ज्याच्या एकेका पोर्ट्रेटसाठी धनिकांच्या रांगा लागत, त्याने ४५ वर्षे, पॅरिसहून लंडनला बिऱ्हाड हलवतानासुद्धा, या प्रती जवळ बाळगल्या होत्या.

बॉइट यांच्या चारही मुली अविवाहित राहिल्या. १९१९ मध्ये त्यांनी ते चित्र वडिलांच्या स्मरणार्थ बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयाला दिले. चित्रातल्या त्या दोन जपानी फुलदाण्याही पुढे तिथेच आल्या आणि चित्राच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. २०१० च्या वसंतात बॉस्टनने हे चित्र काही आठवडे माद्रिदला पाठवले. प्रादोमध्ये ते ‘लास मेनिनास’च्या शेजारी लावले होते : १८७९ मध्ये ज्या संग्रहालयाच्या वहीत २३ वर्षांच्या सार्जंटने नकलाकार म्हणून नाव घातले होते, त्याच संग्रहालयात.